रीळ फिरवायचं की लगाम खेचायचा?

पत्र

ताई, नमस्कार.

मी मालवण तालुक्यातला, वय २६. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. आता पुण्यात एका कंपनीत आहे. परदेशातल्या ऑनलाइन दुकानांच्या जाहिराती आणि सवलतींच्या योजना आम्ही सांभाळतो. दिवसभर सगळा कारभार इंग्रजीतून.

गेल्या महिन्यात आमच्या व्यवस्थापकांचा मेल आला. त्यात एक वाक्य होतं, 'प्लीज रील इन द डिस्काउंट्स बिफोर द वीकेंड.' मी शब्दकोश उघडला. रील इन म्हणजे मासा ओढून आणणं, माणसांना आकर्षित करणं, मिळवणं. मला वाटलं, शनिवारच्या आत आणखी सवलती आणायच्या आहेत. मी दोन योजना वाढवल्या. सोमवारी कळलं की त्यांना सवलती कमी करायच्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं साधं इंग्रजी कळत नाही?" मी गप्प बसलो. तोंडातून शब्दच फुटला नाही.

ताई, माझे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते, बाबा अजून गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, जातात. माशाच्याच शब्दानं मला असं खाली बघायला लावलं, याचं जास्त वाईट वाटतं. पूर्वी एकदा कंपनीत स्वतःची ओळख लिहिताना मी 'लहानपणी बाबांबरोबर जाळं रील इन करायचो' असं लिहिलं होतं. तेव्हाही एक सहकारी म्हणाली, हे चूक आहे, पण का ते तिला सांगता आलं नाही. आणि आता एका दुकानाच्या पानासाठी मी 'रील इन मोअर कस्टमर्स' अशी ओळ लिहून ठेवलीय, ती पाठवू की नको तेच कळत नाही.

या शब्दाचा खरा अर्थ काय? चूक माझी की त्यांची? साहेबांशी बोलू का? घरी फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, "आपण गरवतो, त्येका इंग्लिशीत काय म्हणतत रे?" तेही मला सांगता आलं नाही.

(नाव छापू नये.)

उत्तर

तू मला ताई म्हणालास, म्हणून तुला अरे-तुरे करते.

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तेच तुला महिनाभर टोचतंय. तू वाचलंस ते बरोबर वाचलंस. शब्दकोशात जो अर्थ दिलाय तोच तू घेतलास. व्यवस्थापकांच्या मनात बहुधा दुसरा शब्द होता, 'रेन इन'. हा रेन म्हणजे घोड्याचा लगाम, आर-ई-आय-एन. रेन इन म्हणजे लगाम खेचून घोड्याचा वेग आवरणं, आणि त्यावरून खर्चाला, सवलतींना, अति उत्साहाला आवर घालणं. आपण मराठीत 'खर्चाला लगाम घाला' म्हणतो ना, अगदी तेच. दोन अक्षरांच्या फरकानं तुझा शनिवार-रविवार उलटापालटा झाला.

ही गल्लत तुमच्या कंपनीपुरती नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही ती करतात. 'रील इन स्पेंडिंग' म्हणजे खर्च आवरा, असं लिहिलेलं आता ठिकठिकाणी दिसतं. गप्पांत तर 'रील इट इन' म्हणजे 'जरा आवर स्वतःला' असं सर्रास म्हणतात. त्यामुळे तुझे साहेब अगदीच वेगळं काही लिहून गेले असंही मी म्हणणार नाही. पण मूळ शब्द लगामाचा आहे, आणि त्याच्या जागी रीळ घातलं की वाक्य दुतोंडी होतं. रीळ ओढून आणतं, लगाम थांबवतो. दुतोंडी वाक्य ज्याच्या हातात पडतं त्याला दोष द्यायचा नसतो.

अशी गल्लत का होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घोडा रोजच्या जगण्यातून गेला. लगाम हातात धरलेली माणसं इंग्लंड-अमेरिकेतही आता थोडी. इंग्रजीत पाऊस, लगाम आणि राज्य करणं या तिन्हींचा उच्चार 'रेन' असाच होतो. म्हणून 'फ्री रेन', म्हणजे लगाम सैल सोडून मोकळीक देणं, हे लिहिताना पुष्कळ लोक राज्य करण्याचा रेन लिहून मोकळे होतात. अर्थ थोडाफार जुळतोही, म्हणून चूक कुणाला खटकत नाही. शब्दामागची वस्तू हातातून सुटली की शब्द असा भरकटतो. तुझ्या बाबतीत मात्र वस्तू घरातच आहे. तुझ्या बाबांच्या हाताला दोराचा ताण कळतो. तो ताण ध्यानात धरून पुढचं वाच.

रील हा शब्द मुळात माशांचा नाहीच. जुन्या इंग्रजीत सूत गुंडाळायच्या चाकाला हा शब्द होता. आपणही तो तसाच घेतला आणि त्याचं 'रीळ' केलं. तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात दोऱ्याची रिळं असतील, आणि जुन्या टॉकीजमध्ये सिनेमाची रिळं असायची. २०२० मध्ये इन्स्टाग्रामवर रील्स आल्या त्यांचं नावही त्या सिनेमाच्या रिळावरूनच. गळाच्या काठीला गुंडाळणारं चाक लावायची कल्पना चीनमध्ये आठशे वर्षांपूर्वीही होती. मा युआन या चिनी चित्रकाराच्या, ११९५ च्या सुमारास काढलेल्या चित्रात एक माणूस थंडीतल्या तळ्यावर छोट्या होडीत बसून गळ टाकतोय, आणि त्याच्या काठीला असं चाक दिसतं. इंग्रजी पुस्तकात गळाच्या काठीवरच्या अशा चाकाचा उल्लेख १६५१ साली येतो, पण तिथं त्याला रील म्हटलेलं नाही, गुंडाळणं याच अर्थाच्या 'वाइंड' या शब्दानं ते येतं. पुढे १९०५ साली आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर रिळाच्या, म्हणजे रीळ न फिरता त्याच्या टोकावरून दोर सुटतो अशा, यंत्राचं पेटंट घेतलं. ते यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डचे, कापडधंद्यातले. गिरणीत सूत बॉबिनवरून कसं सरसर निघतं हे डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला ते सुचलं. म्हणजे सुताचा शब्द फिरून पुन्हा सुतवाल्याच्याच हाती आला. मला ही गोष्ट फार आवडते.

आता खुद्द काम. तुझे बाबा गरवतात ते बहुतेक हातदोरीनं. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोर, लाकडाच्या तुकड्याला नाहीतर बाटलीला गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि गरी. तांबोशी लागली की दोन्ही हातांनी दोर ओढत आणायचा. रीळवाल्या काठीला बाजूला मूठ असते, ती फिरवली की दोर आत येतो. दिसायला सोपं आहे. पण मी एकदा रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर भाच्याची काठी हातात घेतली होती. मासा लागला, काठी वाकली आणि मी जोरजोरात मूठ फिरवायला लागले. रिळातून टर्रर आवाज येत होता आणि दोर आत येण्याऐवजी बाहेरच चालला होता. भाचा म्हणाला, "मावशी, तो ओढतोय तोवर फिरवू नको. फक्त धर."

मग त्यानं समजावलं. रिळात एक ब्रेक असतो, त्याला ही मंडळी ड्रॅग म्हणतात. माशाचा जोर ठरावीक ताणापलीकडे गेला की रीळ स्वतःहून दोर सोडतं, नाहीतर दोर तुटेल. हा ताण साधारण दोराच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ठेवतात. दहा किलोला तुटणारा दोर असेल तर अडीच-तीन किलोच्या ओढीला रीळ सुटायला हवं. मासा पळत असताना मूठ फिरवत राहिलं तर त्या स्थिर प्रकारच्या रिळात दोराला पीळ बसतो आणि तो पुढे गुंततो. मासा दमला, क्षणभर थांबला, की काठी हळू वर उचलायची आणि खाली आणताना तेवढा दोर गुंडाळून घ्यायचा. परत मासा पळाला तर पळू द्यायचा. असं करत करत तो जवळ येतो. शेवटचा भाग तर वेगळाच, मासा काठावर किंवा होडीत घेणं. त्याला इंग्रजीत 'लँड' म्हणतात. नोकरी मिळाली की 'लँडेड अ जॉब' म्हणतात ते याच अर्थानं. रील इन झालेला मासा काठाशी येऊनही निसटू शकतो.

एवढं का सांगितलं? कारण लाक्षणिक अर्थात यातलं सगळं शिल्लक आहे. रील इन म्हणजे नुसतं 'आणणं' नाही. त्यात गळाला आधीच लागलेलं कुणीतरी आहे, मधे ताणलेला दोर आहे, समोरच्याचा विरोध आहे, आणि ओढणाऱ्याचा धीर आहे. वाक्यात यातलं काहीच नसेल तर हा शब्द तिथं शोभत नाही. सवलतींना कुठला गळ? त्या तर कंपनीच्याच हातात असतात. म्हणून साहेबांचं वाक्य वाचताना तुझ्यासारखा विचार करणारा माणूस अडखळणारच.

याचं सगळ्यात नेमकं उदाहरण मला फोनवरच्या फसवणुकीत दिसतं. घरबसल्या कामाच्या नावाखाली टास्क देणारे लोक तुला माहीत असतील. पहिल्या एक-दोन कामांचे थोडे पैसे ते खरोखर खात्यात टाकतात. माणसाचा विश्वास बसतो. मग मोठं काम हवं तर आधी रक्कम भरा म्हणतात. माणूस कचरला की गोड बोलून थोडं सोडतात, पुन्हा थोडं ओढतात. इंग्रजीत अशा वेळी 'दे रील्ड हिम इन' म्हणतात, आणि तो शब्द तिथं चपखल बसतो, कारण आधी ढील आहे आणि मग ओढ. आणि ज्यानं सगळंच खरं मानलं तो 'हुक, लाइन अँड सिंकर', म्हणजे गळ, दोर आणि शिशासकट गिळून बसला.

मी आता 'ढील' म्हटलं ते मुद्दाम. आपल्याकडे रिळावरून आलेला वाक्प्रचार नाही. आपल्या भाषेत गळ आहे आणि जाळं आहे. लाचखोर पकडला की तो 'लाचलुचपत विभागाच्या जाळ्यात', आमदारानं पक्ष बदलला की तो 'अमुक पक्षाच्या गळाला', अशा बातम्या आपण रोज वाचतो. पण गळाला लागणं हा एक क्षण आहे. आमिष गिळलं, गरी रुतली. त्यानंतर सोडत-ओढत जवळ आणण्याचा जो लांबलचक भाग आहे, त्यासाठी आपण समुद्र सोडून गच्चीवर जातो. तिथं पतंग आहे, मांजा आहे, फिरकी आहे. 'जरा ढील दे' आणि 'आता खेच' या दोन हाकांत रील आऊट आणि रील इन दोन्ही आले. संक्रांतीला तू कुणाची फिरकी धरली असशील तर रिळाचा अर्थ तुझ्या हाताला ठाऊकच आहे. फरक इतकाच की पतंग वाऱ्याच्या जोरावर ओढतो आणि मासा जिवाच्या आकांतानं. या दुसऱ्या गोष्टीमुळेच रील इनला किंचित काळी छटा येते.

एक इशारा इथेच देऊन ठेवते. 'गळ घालणं' हे या कुटुंबातलं समजू नकोस. एखाद्याला गळ घातली म्हणजे आग्रहानं विनवलं, त्यात फसवणूक नाही. गळाला लावलं, तर आहे. मराठीतून इंग्रजीत जाताना माझ्या विद्यार्थ्यांची इथे बऱ्याचदा गफलत व्हायची.

आपलं 'गुंडाळणं' हे क्रियापदही जरा निरखून बघ. दोरा गुंडाळतात. सभा गुंडाळतात. गाशा गुंडाळतात. आणि 'त्यानं मला चांगलंच गुंडाळलं' म्हणजे फसवलं. सूत गुंडाळण्याच्या साध्या क्रियेतून आपणही फसवणुकीपर्यंत पोचलो, फक्त गळाची काठी मधे न आणता. भाषा कुठलीही असो, हाताचं काम आधी असतं आणि मनाचं नंतर, हे मी शिकवायला लागल्यापासून पाहत आलेय.

गुंडाळणं आणि गुंडाळून घेणं यात जो फरक आहे तोच इंग्रजीतल्या रील आणि रील इनमध्ये. मराठीत आपण मुख्य क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडतो. ओढून घे, ओढून काढ, ओढून ने. ओढणं तेच, पण 'घे' म्हणताच ते स्वतःकडे वळतं. इंग्रजी तेच काम इन, आऊट, ऑफ, अप अशा छोट्या शब्दांकडून करून घेते. म्हणून ही जोडक्रियापदं पाठ करायला बसू नकोस. 'इन' दिसलं की मनात 'घे' म्हण. 'ऑफ' दिसलं की सुटून जाणं आठव. 'रील ऑफ' म्हणजे रिळावरून दोरा न अडखळता सरसर सुटावा तशी नावं, आकडे घडाघडा म्हणणं. तुझे बाबा जर गोबरा, तांबोशी, सुरमई, बांगडा, पेडवे अशी माशांची नावं एका दमात घेत असतील, तर 'ही कॅन रील ऑफ द नेम्स' हे त्यांना शोभेल. आणि नुसतं 'रील' म्हणजे भोवंडणं, झोकांडी जाणं, धक्क्यानं हादरणं. तेही बहुधा त्या फिरत्या चाकातूनच आलंय. त्या सोमवारी तुझं झालं ते हे.

रचनेचा एकच नियम लक्षात ठेव. 'रील इन द फिश' चालतं, 'रील द फिश इन'ही चालतं. पण माशाऐवजी सर्वनाम आलं की ते मधेच हवं, 'रील इट इन'. 'रील इन इट' कधीच नाही. कर्म लांबलचक असेल, म्हणजे 'काल संध्याकाळी खडकापाशी लागलेला मोठा गोबरा' असं, तर ते शेवटी ठेवलेलं बरं, नाहीतर 'इन'ची वाट बघत वाचणारा दमतो.

आता जाळं. तुझी सहकारी बरोबर होती. जाळं रील इन होत नाही, 'हॉल इन' होतं. हॉल म्हणजे जोर लावून खेचणं, जड ओझं ओढणं. रापण आठव. होडी जाळं अर्धवर्तुळात टाकून परत येते, मग दोन्ही टोकांना माणसं उभी राहतात आणि सगळा गाव वाळूत पाय रोवून ओढतो. तिथं चाक कुठं आहे? मूठ कुठं आहे? एकट्या माणसाचा एका माशाशी चाललेला झगडाही नाही. तुझ्या आजोबांच्या रापणीसाठी 'वी हॉल्ड इन द नेट' हेच योग्य. या 'हॉल' शब्दावरून एकदा हाती आलेल्या सगळ्या मासळीलाही 'हॉल' म्हणतात, आणि पुढे चोरांच्या लुटीलाही. ओळखीतली ती ओळ तेवढी बदल आणि ठेव. काढून टाकू नकोस. रापण ओढलेला मुलगा पुण्याच्या कार्यालयात बसलाय हे वाचून समोरच्याला तुझ्याबद्दल नक्की काहीतरी कळतं.

'फिश आऊट' तुला लवकरच भेटेल, म्हणून आताच सांगते. पिशवीत हात घालून, चाचपून किल्ली काढली तर ती 'फिश आऊट' केली. विहिरीत पडलेली बादली काढली तरी तेच. पण तळं 'फिश्ड आऊट' म्हटलं तर अर्थ वेगळा. मासे धरधरून तळं रितं झालंय, आता तिथं गळ टाकून उपयोग नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला या दुसऱ्या अर्थाचं दुःख शब्दकोशापेक्षा जास्त कळतं. आणि 'फिश फॉर' म्हणजे आडून आडून काहीतरी काढून घेऊ बघणं. "छे, माझी भाजी आज बिघडलीच" असं म्हणून जो कौतुकाची वाट बघतो, तो 'फिशिंग फॉर कॉम्प्लिमेंट्स'.

तुझ्या त्या ओळीबद्दल. 'रील इन मोअर कस्टमर्स' हे व्याकरणानं बरोबर आहे, धंद्याच्या बोलण्यात रुळलेलंही आहे. दुकानदाराला पाठवायच्या प्रस्तावात ते चालून जाईल. पण तू म्हणतोस ते दुकानाच्या पानासाठी आहे, म्हणजे ग्राहकच ते वाचणार. ग्राहकाला तू मासा म्हणतोयस, आणि तेही त्याच्या तोंडावर. आपल्या पेठेतल्या दुकानदारानं पाटी लावली, 'आम्ही गिऱ्हाईक गळाला लावतो', तर त्या दुकानात कोण पाऊल ठेवेल? त्यामुळे ती ओळ पाठवू नकोस. 'ब्रिंग इन' म्हण, 'वेलकम' म्हण, काहीही साधं म्हण. खरं सांगायचं तर प्रस्तावातही मी हा शब्द टाळेन. आपण ज्यांना विकतो त्यांच्याबद्दल पाठीमागे कसं बोलतो, त्यावरून पुढे समोर कसं वागतो ते ठरत जातं, असं मला मनापासून वाटतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. साहेबांशी बोलायचं का?

बोल. पण सगळ्यांसमोर नको, आणि 'तुमचंच इंग्रजी चुकलं' हे सिद्ध करायला तर मुळीच नको. तुला न्याय हवाय हे मला समजतं. चारचौघांत झालेला अपमान महिनाभर पोटात राहतो, आणि तू मराठी शाळेतला असल्यानं त्यांच्या एका वाक्यानं तुझ्या सगळ्या शिक्षणावर बोट ठेवल्यासारखं झालं. ते वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. पण तुला तिथं रोज काम करायचंय, आणि पुढचा मेलही त्याच माणसाकडून येणार आहे. तेव्हा दोन मिनिटं एकट्यात माग. मूळ मेल समोर ठेव. शांतपणे सांग, "सर, तुम्ही रील इन लिहिलं होतं. शब्दकोशात त्याचा अर्थ मिळवणं, ओढून आणणं असा आहे, म्हणून मी वाढवल्या. कमी करायच्या आहेत हे मला विचारून घ्यायला हवं होतं, ते पुढच्या वेळी घेईन." एवढंच. शेवटचं वाक्य माफीचं नाही, ती कामाची पद्धत आहे. पैशांचा संबंध असलेल्या सूचनेत एका शब्दावर सगळं अवलंबून असेल तर आपल्या शब्दांत ती परत लिहून पाठवायची. 'म्हणजे शुक्रवारपर्यंत सवलती कमी करायच्या, बरोबर?' अशी एक ओळ. इंग्रजीत पुरतं मुरलेले लोकही हे करतात. लगाम आणि रीळ यातला फरक ते विचारतील तर सांग, न विचारले तर तो तुझ्यापाशीच राहू दे.

ते तुझं ऐकून घेतीलच असं नाही. काही माणसं नाही घेत. तरी मेलातला शब्द काय होता हे एकदा शांतपणे त्यांच्यासमोर ठेवलं की तुझ्या मनातला पीळ सुटेल. मूठ फिरवत बसलं की तो वाढतच जातो, हे मी भाट्याला पाहिलंय.

आणि त्या दिवशी तू गप्प बसलास, त्यालाही इंग्रजीत माशांच्या दुनियेतलाच शब्द आहे, 'क्लॅम अप'. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्या. धक्का लागला की तिसरी जशी दोन्ही शिंपा मिटून घेते, तसा माणूस मिटतो. तिसरी मिटते ती जीव वाचवायला. तू मिटलास ते मला गैर वाटत नाही. त्या क्षणी उलटं बोलला असतास तर आज हे पत्र बहुधा वेगळ्याच कारणासाठी लिहिलं असतंस.

राहिला बाबांचा प्रश्न. त्यांना सांग, गरवण्याला इंग्रजीत 'अँगलिंग' म्हणतात. तुला वाटेल हा कोनाचा अँगल. तो नाही, तो वेगळ्या वाटेनं आला. जुन्या इंग्रजीत अँगल या शब्दाचा अर्थच गळ, आपली गरी. गरीवरून आपण गरवणं केलं, अँगलवरून त्यांनी अँगलिंग केलं. दोन किनारे, एकमेकांना न विचारता, एकाच रीतीनं शब्द घडवून बसले. आमंत्रणासाठी कुणी आडून सुचवत राहिला तर इंग्रज त्याला 'अँगल फॉर' म्हणतो, म्हणजे आमंत्रण गरवतोय म्हण. फोनवर सांगून बघ, आणि बाबा काय म्हणाले ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई